मुकादम बोका आणि माझी साखर

तीस वर्षं मी नागपूरच्या सरकारी ढोरांच्या दवाखान्यात शेण, लघवी, रक्त आणि दूध तपासलं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं विचारलं, ‘आपण कुठं असता?’ तर मी ‘प्रयोगशाळेत’ एवढंच सांगत असे. पुढचा प्रश्न जेवण उरकल्यावर विचारावा, एवढीच माझी इच्छा असे.

आमचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दिवसभर उभं राहायचं काम. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर बाबांनी एकच धोशा लावला, की पोरानं शिकून खुर्चीवर बसायचं. मी मॅट्रिक झालो, प्रयोगशाळा सहायकाचा कोर्स केला आणि ऑर्डर आली. पहिल्या दिवशी बाबा मला दवाखान्यापर्यंत पोचवायला आले. खिडकीतून त्यांनी माझी खुर्ची पाहिली, तिला पाठ आणि हात दोन्ही आहेत याची खात्री केली आणि समाधानानं परत गेले. टेबलावर काय मांडून ठेवलंय ते त्यांनी पाहिलं नसावं. किंवा पाहिलं असेल आणि बोलले नसतील.

काम तसं सोपं होतं. बैलाचं शेण पाण्यात कालवून काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकातून जंतांची अंडी शोधायची. ताप आलेल्या गाईच्या कानातून रक्ताचा थेंब घ्यायचा, रंगवायचा, गोचिडतापाचे जंतू दिसतात का पाहायचं. काटोलकडचा एक शेतकरी बैलाचं शेण जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं आणायचा आणि डबा परत मागायचा. मी डबा धुऊन देऊ लागलो तर म्हणायचा, “राहू द्या जी, घरी बायको धुईन.” त्या बाईला डब्याचा प्रवास माहीत होता की नाही, हे मला कधी कळलं नाही.

पण लघवीतली साखर तपासायचं काम आमच्याकडे फार क्वचित यायचं. गाई-बैलांना मधुमेह होत नाही असंच आम्ही धरून चालायचो. तरी कपाटात त्या तपासणीचं निळं औषध असायचं. मोरचूद आणि सोड्यापासून ते मीच बनवत असे. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि निवू द्यायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवट झालं तर थोडी. पिवळं झालं तर जास्त, नारिंगी झालं तर आणखी जास्त. विटेसारखं लाल झालं की समजायचं, हद्द झाली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, एका मार्च महिन्यात, या निळ्या औषधानं मला जे दाखवलं ते सांगायला मी हे लिहायला बसलो आहे.

सकाळची वेळ होती. आवारात दोन म्हशी आणि एक टांग्याचा घोडा होता. त्यांच्यामागे एक पन्नाशीची बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. टोपलीवर धान्याचं पोतं शिवून बसवलेलं. ड्रेसर दशरथला वाटलं, कोंबड्या असतील. पोतं उसवलं तेव्हा आतून एक मोठा पिवळा बोका निघाला. म्हणजे हाडापेरानं मोठा. अंगावर मात्र मांस नव्हतं, कातडं ढिलं लोंबत होतं.

बाईचं नाव सुभद्राबाई. लकडगंजात लाकडाच्या टालांच्या मागे तिची पिठाची चक्की होती. नवरा वारल्यावर चक्की तीच चालवायची. दळण, मोजमाप, पट्टा चढवणं, सगळं. बोक्याचं नाव मुकादम.

“मुकादम काहून?” दशरथनं विचारलं.

“काम करत नाही, नुसता पोत्यावर बसून पाहते ना, म्हणून,” ती म्हणाली. मग बोक्याला वाईट वाटेल असं वाटून तिनं पुरवणी जोडली, “पण आठ वर्षांत माझ्या चक्कीत एका गिऱ्हाइकाचं पोतं उंदरानं कुरतडलं नाही.”

आमचे डॉक्टर वझलवार शांत माणूस. त्यांनी मुकादमला टेबलावर घेतलं आणि काय होतंय ते विचारलं.

“खाते लय. पाणी तर बादलीतलं पेते. अन् वाळूनच चालला. महिना झाला, उडी मारत नाही. मागचे पाय असे टेकवून चालते, सशावानी. अन् साहेब, जिथं मुतते तिथं मुंग्या लागतात.”

“चक्कीत मुंग्या असतीलच की.”

“पिठाले लागतात त्या लाल. ह्या काळ्या आहेत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मांजरालाही मधुमेह होतो हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, पण अशी केस समोर आली नव्हती. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात साखर आपोआप चढते, त्यामुळे इथं टेबलावर केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. घरी, निवांतपणी केलेली लघवी दोन-तीन वेळा आणावी लागेल. तिची तपासणी इथं फुकट होईल. पण त्यात साखर निघाली तर रक्त तपासावं लागेल. ते यंत्र आपल्याकडे नाही, माणसांच्या लॅबमधून करून आणावं लागेल आणि त्याचे पैसे पडतील. त्यातही निघालं तर रोज सुई. औषधाची बाटली, काचेची सिरिंज, सगळं विकत.

सुभद्राबाईनं मनातल्या मनात हिशोब केला. “रक्ताचे म्हणजे माझं दोन दिवसांचं दळण गेलं,” ती म्हणाली. “अन् बाटलीचे?”

“ते आधीच नका मोजू. आधी लघवी आणा,” डॉक्टर म्हणाले.

म्हशीवाला हे ऐकत होता. तो म्हणाला, “बाई, बोके तर टालावर फुकट फिरून राहिले. दुसरा घेऊन टाका.”

तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पोतं टोपलीला शिवत ती म्हणाली, “आठ वर्षं यानं चक्की राखली. पगार मागितला नाही. आता आजारी पडला म्हणून हाकलू का?”

मांजराची लघवी आणायची कशी, हा प्रश्नच होता. ते रेतीत जातं, आणि रेती सगळं पिऊन टाकते. मी तिला काही सुचवणार त्याआधीच तिनं उपाय शोधला. टालाशेजारी एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथून तिनं कन्हान नदीची जाडी बजरी पदराच्या ओच्यात आणली, धुतली, उन्हात वाळवली आणि चिनी मातीच्या पसरट भांड्यात पसरली. बजरी काही शोषत नाही. मुकादम उठला की भांडं तिरपं करायचं आणि ओतून घ्यायचं. तीस वर्षांत मी कितीतरी जनावरांचे नमुने पाहिले, पण इतक्या अकलेनं घेतलेला दुसरा आठवत नाही.

पण पहिला नमुना तिनं आणला तो संत्र्याच्या सरबताच्या बाटलीत. नळीत आठ थेंब टाकून उकळलं तर विटेसारखं लाल. मी बाटलीला नाक लावलं आणि तिच्यावर चिडलो. “बाई, ही साखर बोक्याची की सरबताची, मले कसं समजन? बाटली उकळून आणायची अक्कल नको?” असंच काहीतरी बोललो. माझ्या खुर्चीला हात होते ना.

ती बाटली उचलून गेली. दोन दिवसांनी, बुधवारी, परत आली. या वेळी बाटली औषधाची, तीनदा उकळलेली, बूचसुद्धा उकळलेलं. मी तिच्यासमोरच नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि निवता निवता नारिंगी झालं.

“साखर आहे,” मी म्हटलं.

ती नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “साहेब, राग नका मानू. मी दळणात पायली कमी भरली तर गिऱ्हाईक तराजू घेऊन येते, माझं माप तपासते. तुमचं माप कोण तपासते?”

“म्हणजे?”

“हे निळं औषध सगळ्याचंच असं नारिंगी करत असन तर? यावर मी पैसा घालीन, त्याले रोज सुया टोचीन. मले कसं समजन, की औषध खरं बोलून राहिलं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या कोर्समध्ये हेच शिकवलं होतं, की संशय आला तर निरोगी माणसाचा नमुना शेजारी लावून पाहा. पण एका चक्कीवालीनं मला ते शिकवावं याचा मला राग आला. मी म्हटलं, “थांबा, दाखवतो.” मागच्या मोरीत जाऊन स्वतःचाच नमुना घेऊन आलो. माझ्याइतका निरोगी माणूस जवळपास कोण होता?

आठ थेंब टाकले. नळी दिव्यावर धरली. “पाहा, हे असंच निळं राहते,” मी म्हटलं.

ते हिरवं झालं. मग पिवळं. मग मुकादमच्या नळीच्याही पुढे गेलं. विटेचा लाल गाळ नळीच्या तळाशी बसला.

मी नळी उजेडाकडे धरली. मग सुभद्राबाई हळूच म्हणाली, “म्हणजे औषधच खराब निघालं.”

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, “हो. औषध उतरलं असन. मी नवीन बनवतो. तुम्ही सोमवारी या. तवर रिपोर्ट काही देत नाही.” डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, “बरं, पण सोमवारच्या पुढे ढकलू नका.”

ती गेली. मी दुपारीच मोरचूद आणि सोडा तोलून नवीन औषध बनवलं. गुरुवारी सकाळी पहिल्यांदा नुसत्या पाण्यावर करून पाहिलं. निळं. मग पुन्हा माझ्या लघवीवर केलं. लाल.

मी नळ्या बदलल्या. नळ्या ॲसिडनं धुतल्या. पाणी दुसऱ्या दवाखान्यातून आणलं. दिवा बदलला. प्रत्येक वेळी पाण्याची नळी निळी राहायची आणि माझी लाल व्हायची. इतकं झाल्यावर कोणत्याही शिकाऊ मुलालाही समजलं असतं. मलाही समजलं होतं. गुरुवारी सकाळी साडेदहालाच समजलं होतं. पण सोमवारपर्यंत मी ते स्वतःपासून लपवून ठेवलं.

का लपवलं ते सांगतो. माझी आई याच आजारानं गेली होती. पायाला साधी ठेच लागली होती, ती जखम कधी भरलीच नाही. त्या दिवसांत मी माठातलं पाणी तांब्यांनी पीत होतो. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं होतं. दोन्हींचा दोष मी नागपूरच्या उन्हाला दिला होता. छत्तीस वर्षांचा होतो, घरात दोन लहान मुली होत्या. दशरथ शेजारीच बसलेला असायचा. त्याचा एक नमुना घेतला असता की दोन मिनिटांत निकाल लागला असता. मी तो मागितला नाही.

या चार दिवसांत मी फक्त माझ्याशी खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती. पण माझ्या त्या खोट्यात मुकादमचा रिपोर्टही अडकून पडला होता. त्याची नारिंगी नळी खरी होती, आणि ते मला गुरुवारी माहीत झालं होतं. लकडगंज दवाखान्यापासून सायकलनं वीस मिनिटांवर. मी गेलो नाही. नोकरीतल्या बाकीच्या चुका मी विसरलोय, ही विसरलो नाही.

सोमवारी सुभद्राबाई आली तेव्हा टोपलीवर पोतं शिवलेलं नव्हतं. शिवायची गरजच उरली नव्हती. मुकादम आत एका अंगावर पडून होता. दोन दिवस त्यानं खाणं टाकलं होतं, ओकत होता. मान उचलत नव्हता.

“साहेब, औषध सुधारलं का?” तिनं विचारलं.

डॉक्टर वझलवार तिथंच होते, दशरथही होता. मी म्हटलं, “औषध पहिल्यापासूनच बरोबर होतं, बाई. तुमच्या बोक्याले साखर आहे. अन् मले बी आहे. मले गुरुवारीच समजलं होतं. मी सांगितलं नाही.”

मला वाटलं, ती आता बोलेल. तिनं बोलायला हवं होतं. तिनं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “घरी सांगितलं का?”

“नाही.”

“सांगजा आज.”

डॉक्टर एवढंच म्हणाले, “मेश्राम, रिपोर्ट लिहा. दोन्ही.” आणि ते मुकादमला सलाईन लावायच्या तयारीला लागले.

त्याच सकाळी डॉक्टरांनी मुकादमच्या मानेतून रक्त काढलं आणि माझ्या दंडातून दशरथनं काढलं. दशरथनं आयुष्यभर बैलांचं रक्त काढलेलं, तेव्हा माझं कसं काढलं असेल ते समजून घ्या. गोठू नये म्हणून पांढरी पूड घातलेल्या दोन छोट्या बाटल्या सायकलच्या पिशवीत ठेवून मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये गेलो. जनावरांचं रक्त घेत नाही, अशी पाटीच तिथं होती. मी फॉर्मवर लिहिलं, ‘मुकादम, वय ८, पुरुष’. त्यात एक शब्द सोडला तर सगळं खरं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाले. माझी साखर तीनशेला टेकलेली. मुकादमची त्याच्याही वर. त्याच्या रिपोर्टखाली लॅबच्या डॉक्टरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘मुलाला ताबडतोब बालरोगतज्ज्ञांना दाखवा.’ वझलवार साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. तो कागद त्यांनी फाइलला लावला.

रक्ताचे पैसे मी भरले होते. सुभद्राबाईनं दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर आणून ठेवले. मी नको म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, “चूक तुमची, पण रक्त माझ्या बोक्याचं.” मी पैसे घेतले.

मुकादमला दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मान उचलून दशरथच्या हाताला ओरबाडलं, आणि दशरथनं ते ओरखडे कौतुकानं आम्हाला दाखवले. माझ्यासाठी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गोळ्यांनी भागणार नाही, रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल.

इथं खर्चाचा प्रश्न आपोआप सुटला. त्या काळात माणसाला आणि मांजराला तेच इन्सुलिन चालायचं. मला रोज सिरिंजवरच्या वीस रेघा लागायच्या, मुकादमला दोन. त्याच्यासाठी वेगळी बाटली घेतली असती तर संपायच्या आधी ती खराब झाली असती. मी म्हटलं, “माझ्याच बाटलीतून घेत जा. सुई-सिरिंज तुमची वेगळी, उकळून आणायची.” घरी फ्रिज माझ्याकडे नव्हता आणि तिच्याकडेही नव्हता. नागपूरचा एप्रिल तोंडावर होता. डॉक्टरांनी लसींच्या फ्रिजमध्ये एका कोपऱ्याला बोट दाखवलं आणि म्हणाले, “मी पाहिलं नाही.” नियमात बसत नव्हतं, पण तिथं ती बाटली मावत होती.

सुई टोचायला आम्ही दोघं एकत्रच शिकलो. डॉक्टरांनी शिकवलं ते संत्र्यावर. साल किती जाड, सुई किती तिरपी, दाबायचं किती, हे संत्र्यावर हाताला नेमकं कळतं. सुभद्राबाईचा हात पहिल्याच दिवशी बसला. माझाही संत्र्यावर छान बसला. पण मांडीवर सुई टेकवली की हात थिजायचा. आठवडाभर मी रोज बाटली घेऊन दवाखान्याशेजारच्या कंपाउंडरकडे जाऊन टोचून घेतलं. ज्यानं शेकडो जनावरांना रक्तासाठी टोचलं त्याला स्वतःला टोचता येईना.

एका सकाळी तिनं ते ओळखलं. मुकादमला मांडीवर घेऊन, मानेजवळचं कातडं चिमटीत धरून तिनं सुई दिली. बोका डोळेसुद्धा न उघडता बसून राहिला. मग मला म्हणाली, “मेश्रामभाऊ, तुम्ही त्या कंपाउंडरकडे कायले जाता?”

मला तिनं भाऊ म्हणायची ती पहिली वेळ.

“मले जमत नाही.”

“यालेही आधी जमत नव्हतं. मी काय केलं? त्याच्याशी बोलत राहिली. दळण किती झालं, पट्टा कसा सुटला, लाइन कवा गेली. बोलता बोलता टोचून टाकायचं. तुम्ही घ्या सुई. मी बोलते.”

आणि ती बोलायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या गव्हात खडे निघाले आणि त्यावरून कसं भांडण झालं, ती सगळी हकिकत. गव्हाचं काय झालं ते मला आठवत नाही. सुई आत गेली होती.

त्यानंतर रोज सकाळी साडेनऊला आमच्या प्रयोगशाळेत दोन सुया व्हायच्या. आधी मुकादमची, मग माझी. नंतर दोन नळ्या दिव्यावर धरायच्या, त्याची एक, माझी एक. दवाखान्यात येणारे लोक खिडकीतून पाहायचे. कुणाला काही सांगत बसायला आम्हाला वेळ नव्हता.

मे महिन्यात एकदा मोठी भीती वाटली. डॉक्टर लसीकरणासाठी खेड्यावर गेले होते. सुभद्राबाई मुकादमला टोपलीत घेऊन धावतच आली. मुकादमला त्या दिवशी चक्कीवरच सुई दिली होती, कारण सकाळी दळणाची गर्दी असणार म्हणून आदल्या दिवशी मीच तिला सिरिंज भरून ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. त्यानं सुईनंतर काही खाल्लं नाही. आता तो थरथरत होता, डोळे फिरले होते. तिला वाटलं, गेला. मला मात्र लगेच उमगलं, कारण चार दिवसांपूर्वी माझं तसंच झालं होतं, फक्त थोडं कमी. सुई जास्त झाली, साखर खाली गेली. मी ग्लुकोजची पूड पाण्यात भिजवली आणि बोटानं त्याच्या हिरड्यांवर चोळत बसलो. पाजायचं नाही, श्वासात जातं. दहा मिनिटं चोळलं, पंधरा मिनिटं. मग त्यानं माझ्या बोटाला दात लावला. चांगलाच लावला.

“चावला,” मी म्हटलं.

सुभद्राबाई जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही थोडा रडलो असेन. दशरथनं चहा आणला, माझा बिनसाखरेचा.

त्या दिवसापासून माझ्या शर्टाच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते.

पावसाळा सरता सरता मुकादमची नळी हिरवट व्हायला लागली. डॉक्टरांनी दोनची एक रेघ केली. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी त्याची नळी उकळून निवली तरी निळीच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळी. सुई थांबवून पाहिली, तरी निळी. काही मांजरांचं असं होतं, वेळेवर उपचार मिळाले तर आजार मागे सरतो, असं डॉक्टरांनी पुस्तक उघडून आम्हाला वाचून दाखवलं. वेळेवर हा शब्द त्यांनी वाचला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो.

“माणसाचं बी होते का असं?” सुभद्राबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. तिला फार वाईट वाटलं. जणू दोघांनी मिळून एक काम सुरू केलं आणि आता एकट्यावर टाकून निघायचं, असा तिचा चेहरा झाला. “मुकादम सुटला, भाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही तेवढे राहिले.”

मुकादम पुढे चार वर्षं चक्कीत पोत्यावर बसून राहिला. मागचे पाय सुधारले. उड्या पहिल्यासारख्या नाहीत, पण उंदरांना तेवढ्या पुरल्या असाव्यात. सुभद्राबाईचं दवाखान्यात येणं कमी झालं. माझ्याही सवयी हळूहळू ढिल्या झाल्या. बरं वाटायला लागलं की माणूस मनानं सुट्टी घेतो. कधी सुई दुपारवर जायची, कधी दुसऱ्या दिवसावर. बायको बोलायची. मी म्हणायचो, मला माझी साखर कळते.

मग एका थंडीच्या सकाळी सुभद्राबाई आली. हातात टोपली नव्हती. आवारातल्या बाकावर बसली. मी बाहेर आलो तर म्हणाली, “मुकादम गेला, भाऊ. काल दुपारी. पोत्यावर झोपला होता, तसाच.”

मी तिच्याशेजारी बसलो. बारा वर्षांचा बोका म्हणजे म्हातारा माणूसच. त्याचं सोनं झालं, असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं.

तिनं मला बोलू दिलं नाही. माझ्या तोंडाकडे नीट पाहून विचारलं, “आज सुई घेतली का?”

नव्हती घेतली. कालचीही नव्हती.

“घेऊन या,” ती म्हणाली. “मी बसली आहे इथं.”

मी आत गेलो, फ्रिज उघडला, सिरिंज उकळायला ठेवली. खिडकीतून ती बाकावर बसलेली दिसत होती, सकाळच्या उन्हात, डोक्यावरचा पदर सारखा करत. मी परत येईपर्यंत ती तिथून हलली नाही.